तीन गोळे, पाच सागरगोटे आणि निघून गेलेलं वय

आमच्या रत्नागिरीच्या घरी मधल्या खोलीत एक जुनी लोखंडी कॉट आहे. गेल्या मे महिन्यात मी रोज सकाळी त्या कॉटसमोर उभी राहून तिच्यावर मोज्यांचे गोळे पाडत होते. जुने मोजे, प्रत्येकात अर्धी वाटी तांदूळ, वरून दोऱ्याची घट्ट गाठ. असे तीन. सुरुवात टेनिसच्या चेंडूंनी केली होती, पण आमच्या अंगणाला उतार आहे आणि उताराच्या टोकाला पोफळी. पहिल्याच दिवशी एक चेंडू जो गेला तो गेलाच. तांदळाचा गोळा निदान पडतो तिथे बसतो. आणि कॉट अशासाठी, की दर वेळी कमरेत वाकायला लागू नये.

गोळे पडतच होते. वय २८, शिक्षण एम.एस्सी. भौतिकशास्त्र, वर फेकलेली वस्तू किती वेळात खाली येते याचं समीकरण झोपेतून उठवलं तरी सांगेन. तिसरा गोळा मात्र हातात येईना. आई दारातून बघून गेली आणि म्हणाली, "या वयात आता सर्कशीत जाणार आहेस का?"

गंमत अशी की माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण नेमकं आईच्या त्या दोन शब्दांवर आहे: 'या वयात'. एम.एस्सी. एका विषयात आणि पीएच.डी. विज्ञानाच्या इतिहासात, त्यामुळे मी नक्की काय करते हे घरी कुणाला नीटसं कळलेलं नाही. थोडक्यात सांगायचं तर हाताचं कसब कुणाला येतं, कधीपर्यंत येतं आणि कुणाला येणारच नाही, याबद्दल गेल्या दोनशे वर्षांत लोकांनी काय काय मानलं, त्याचा मी मागोवा घेते. हे कसब जन्मानं मिळतं किंवा बालपणी, नंतर नाही, असं आपण सहज बोलून जातो. ही समजूत कुठून आली, तिनं काय काय केलं आणि ती कितपत खरी आहे, हे या लेखात सांगायचं आहे. उदाहरण जगलिंगचं.

आधी शब्दाचं. दोन हातांनी दोनापेक्षा जास्त वस्तू हवेत फिरत्या ठेवायच्या, या खेळाला मराठीत एका शब्दाचं रुळलेलं नाव नाही. आपण 'चेंडू झेलण्याची कसरत' म्हणतो, नाहीतर सरळ 'जगलिंग'. खेळ नव्हता असं मुळीच नाही. पण तो डोंबाऱ्याच्या, गारुड्याच्या, जादूगाराच्या एकूण खेळाचा एक तुकडा होता, वेगळा काढून त्याला नाव द्यावं असं कुणाला वाटलं नाही. इंग्रजीतही फार वेगळं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'इंडियन जगलर' म्हटलं की त्यात साप खेळवणारा, तलवार गिळणारा, हातचलाखी करणारा आणि गोळे झेलणारा असे सगळे एकाच पोत्यात भरलेले असायचे.

अशा 'इंडियन जगलर' लोकांपैकी सगळ्यात गाजलेला माणूस म्हणजे रामो सामी. मूळचा दक्षिण भारतातला. १८१० च्या दशकात लंडनला गेला, १८१९ मध्ये अमेरिकेत खेळ केले, पुन्हा इंग्लंडला आला आणि तिथेच संसार करून राहिला. तलवार गिळायचा, पितळेचे गोळे झेलायचा. 'रामो सामी' हे त्याच्या खऱ्या नावाचं इंग्रजी कानांनी केलेलं रूप असणार, हे सांगायला नको. १८५० मध्ये तो लंडनमध्ये वारला तेव्हा घरात अंत्यविधीपुरतेही पैसे नव्हते, त्याच्या बायकोला लोकांकडे मदत मागावी लागली.

या भारतीय खेळाडूंचा खेळ विल्यम हॅझलिट या इंग्रज निबंधकारानं पाहिला आणि १८२१ च्या 'टेबल टॉक' या पुस्तकात त्यावर एक निबंध लिहिला. इंग्रजी साहित्य शिकलेल्यांनी तो वाचलेला असतो. निबंध सुंदर आहे. पांढऱ्या वेषातला, घट्ट पागोट्याचा माणूस जमिनीवर बसतो, आधी दोन पितळी गोळे उडवतो, शेवटी चार. हॅझलिट म्हणतो, दोन गोळे आपल्यापैकी कुणीही उडवेल, पण चार? सगळं आयुष्य त्यात घातलं तरी आपल्याला जमणार नाही. आणि मग तो कारण देतो: अगदी कोवळ्या वयापासून शरीर आणि मन त्या एकाच गोष्टीकडे वळवलं, मोठं होईपर्यंत अखंड मेहनत केली, तरच हे साधतं; नाहीतर जवळपासही पोचता येत नाही. तो मनापासून थक्क झाला आहे. आपल्या लेखणीत असं एक तरी निर्दोष काम आहे का, असा प्रश्न तो स्वतःला विचारतो आणि चक्क खजील होतो.

हा निबंध मी पाच-सहा वेळा वाचला होता. कॉटसमोर उभं राहायला लागल्यावर पुन्हा वाचला, तेव्हा एक गोष्ट खटकली. हॅझलिट दोनावरून थेट चारावर जातो. तीन कुठे आहेत?

कारण शिकणाऱ्याच्या दृष्टीनं सगळा मामला तीनाचाच असतो. दोन गोळे हे खरंच कुणीही करतं. तीन गोळे एरवी धडधाकट असलेल्या बहुतेक मोठ्या माणसांना काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत जमतात. छंद म्हणून शिकणारे पुढे काही महिन्यांत चारापर्यंतही जातात. म्हणजे 'कुणीही' आणि 'कुणीच नाही' यांच्या मध्ये एक पायरी आहे, ती चढता येते, आणि ती पाहायची तर स्वतःचे गोळे पाडावे लागतात. हॅझलिटनं घरी जाऊन तीन संत्री घेतली असती तर निबंध वेगळा झाला असता. (आणि कदाचित वाईट झाला असता, हेही मान्य आहे.) रामो सामीसारख्यांचं प्रभुत्व लहानसहान नव्हतं, त्यामागे वर्षं होती. पण 'याला वर्षं लागली' आणि 'हे मला अशक्यच' ही दोन वेगळी विधानं आहेत. दुसऱ्यात एक सोय आहे: समोरच्याची थोरवी मान्य करायची आणि त्याला आपल्यापेक्षा वेगळ्याच जातीचा प्राणी करून टाकायचं.

हे मी अलंकारानं म्हणत नाही. कसब जन्माशी बांधलं की पुढची पायरी सोपी असते. १८७१ मध्ये ब्रिटिश सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा आणला, तेव्हा त्यामागची मांडणी काय होती? की इथे विणकराचा मुलगा विणकर, सुताराचा सुतार, तसे काही समूह पिढ्यान्‌पिढ्या गुन्हेगार. हाताचं कसब जर रक्तातून येत असेल तर हाताचा गुन्हाही रक्तातूनच येणार. १९११ च्या कायद्यानं ही व्यवस्था देशभर लागू करायचा मार्ग मोकळा झाला आणि १९५२ मध्ये ती रद्द होईपर्यंत अनेक भटक्या जमातींची माणसं जन्मतःच पोलिसांच्या वहीत होती. हॅझलिटनं हे केलं असं मी म्हणत नाही. त्याचा कौतुकाचा स्वर आणि कायद्याचा दरडावणीचा स्वर यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पण दोघांच्या खाली एकच गृहीतक आहे, आणि माझं प्रकरण त्या गृहीतकाबद्दल आहे.

आता महाराष्ट्रात येऊ. भारतीय सर्कसचा इतिहास सुरू होतो तो एका मराठी माणसापासून, विष्णुपंत छत्रे यांच्यापासून. विष्णुपंत कुरुंदवाडच्या संस्थानिकांकडे अश्वशिक्षक होते. घोडा हा त्यांचा प्राण, आणि गाणं हाही. गाणं ते ग्वाल्हेरला हद्दू खाँकडे शिकले, आणि पुढे त्यांचे पुत्र रहिमत खाँ यांना सांभाळलं तेही छत्र्यांनीच. तर १८७९ मध्ये ज्युसेप्पे कियारिनी यांची इटालियन सर्कस मुंबईत आली. छत्रे खेळ बघायला गेले. तिथे कियारिनीनं हिंदी लोकांना सर्कस जमायला अजून बराच काळ जावा लागेल अशा अर्थाचं काही म्हटलं आणि छत्र्यांनी ते आव्हान म्हणून घेतलं, अशी आख्यायिका आहे. शब्द नेमके काय होते यावर पैज लावू नये, प्रत्येक पुस्तकात ते थोडे बदलतात. २० मार्च १८८० हा 'ग्रेट इंडियन सर्कस'च्या पहिल्या खेळाचा दिवस मानतात.

तारखांकडे नीट बघा. १८७९ ते मार्च १८८०. एवढ्या वेळात कुणाला बालपणापासून घडवता येत नाही. जे होते ते मोठेच होते: कुणाला घोड्याचं अंग होतं, कुणी तालमीतला असेल. छत्र्यांच्या पत्नी झुल्यावरच्या कसरती करत, असंही सर्कसच्या इतिहासावरच्या लेखनात येतं. १८८० च्या सुमारास, एका ब्राह्मण घरातल्या बाईनं! तिनं ते कधी, कसं शिकून घेतलं असेल? विष्णुपंतांबद्दल पानंच्या पानं आहेत, तिच्याबद्दल एक ओळ. तिचे पडण्याचे दिवस मला वाचायला हवे होते.

म्हणजे भारतीय सर्कसची सुरुवातच मुळात मोठ्या माणसांनी घाईघाईनं शिकण्यातून झाली. पण पुढे गाडी दुसरीकडे वळली. १८८० च्या दशकात छत्र्यांची सर्कस केरळात थलश्शेरीला गेली, तिथे कीलेरी कुन्हिकण्णन हे कळरीचे गुरू भेटले, आणि १९०१ मध्ये त्यांनी तिथेच चिरक्करला सर्कसची शाळा काढली. पुढच्या शतकातल्या भारतीय सर्कशी बऱ्याच अंशी या मुशीतून निघाल्या. सर्कस जशी धंदा म्हणून वाढली, तशी 'हाडं कोवळी असतानाच वळवायला हवीत' ही समजूत तिचा कायदा झाली. गरीब घरची लहान लहान मुलं करारावर आणली गेली, त्यांत नेपाळची फार. अंगाची कमान करायची तर लहानपणी सुरुवात केलेली बरी, हे शरीरशास्त्रानं खोटं नाही. पण त्या एका खऱ्या गोष्टीच्या आडोशाला सगळंच येऊन बसलं: गोळे झेलणं, सायकल, हसवणं, सगळ्यासाठीच म्हणे मूल हवं. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर एप्रिल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आणायचे आदेश दिले. त्यानंतर सर्कसवाल्यांचं म्हणणं आलं की आता कला मरणार, कारण मोठेपणी हे शिकताच येत नाही.

हॅझलिटचंच वाक्य, एकशे नव्वद वर्षांनी.

सर्कसच्या बाकीच्या अडचणी खऱ्या होत्या. प्राण्यांवरची बंदी, मैदानाची भाडी, घरातला टीव्ही. मी फक्त त्या एका दाव्याबद्दल बोलते आहे. मोठेपणी शिकता येतच नाही का?

विज्ञानही बराच काळ हॅझलिटच्या बाजूनं होतं. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं 'मानसशास्त्राची तत्त्वं' हे जाडजूड पुस्तक १८९० चं. त्यात सवयीवरच्या प्रकरणात तो म्हणतो की तिशीपर्यंत माणसाचा स्वभाव प्लास्टरसारखा घट्ट होतो. (मला दोन वर्षं उरली आहेत, नोंद घ्यावी.) तो स्वभावाबद्दल बोलत होता, हाताबद्दल नाही, पण लोकांनी वाक्य उचललं ते सगळ्याला लावलं. आणि त्याच प्रकरणात जेम्स फ्रेंच जादूगार रोबेर-उदँची हकीकत देतो: त्यानं चार चेंडू उडवता उडवता पुस्तक वाचायची सवय करून घेतली होती, आणि मध्ये तीस वर्षं जवळजवळ हात न लावताही तीन चेंडू उडवत वाचणं त्याला जमत होतं. पुढे स्पेनच्या सांतियागो रामोन इ काखाल यांनी, म्हणजे ज्यांच्या चित्रांतून जगाला मेंदूतल्या पेशी 'दिसल्या' त्यांनी लिहिलं की मोठ्या माणसाच्या मेंदूतले मार्ग ठरून गेलेले असतात. त्यांनी लगेच पुढे अशीही आशा व्यक्त केली होती की उद्याचं विज्ञान हा कठोर निकाल बदलू शकलं तर बदलावं. निकाल सगळ्यांनी लक्षात ठेवला, आशा कमी लोकांनी.

निकाल बदलायला जे पुरावे पुढे आले, त्यांत एक जगलिंगचा आहे. जानेवारी २००४ मध्ये 'नेचर'मध्ये जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गच्या संशोधकांचा एक छोटा निबंध आला. २४ तरुण माणसं, कुणालाच जगलिंग येत नव्हतं. अर्ध्यांनी तीन महिन्यांत तीन चेंडू सलग एक मिनिट हवेत ठेवण्याइतकं शिकायचं, अर्ध्यांनी काहीच करायचं नाही. आधी, नंतर, आणि मग सराव पूर्ण थांबवून आणखी तीन महिन्यांनी, असे मेंदूचे एमआरआय. शिकलेल्यांच्या मेंदूत काही ठिकाणी करडा भाग वाढलेला दिसला, आणि सराव सोडल्यावर तो पुन्हा बराचसा ओसरला. २००८ मध्ये याच धर्तीवर साठीच्या आसपासच्या माणसांवर प्रयोग झाला. त्यांना शिकायला तरुणांपेक्षा जड गेलं, सगळ्यांना एक मिनिट काही गाठता आलं नाही, पण मेंदूतला बदल त्यांच्यातही दिसला. २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या गटानं सहा आठवड्यांच्या सरावानं मेंदूच्या पांढऱ्या भागातही, म्हणजे पेशींना जोडणाऱ्या तारांत, फरक पडतो असं दाखवलं. यातली मला आवडलेली गोष्ट अशी की कोण किती पटाईत झालं याच्याशी त्या फरकाचा थेट संबंध दिसला नाही. ज्यांचे गोळे शेवटपर्यंत पडत राहिले त्यांचाही मेंदू कामाला लागला होता.

इथे थोडं सावध राहायला हवं, नाहीतर मी व्हॉट्सॲपवरच्या 'मेंदू तल्लख करा' छाप मजकुराच्या रांगेत जाऊन बसेन. हे प्रयोग लहान आहेत. एमआरआयमध्ये 'वाढ' दिसते तेव्हा आत नक्की काय वाढतं, पेशी की फांद्या की रक्तपुरवठा, हे त्या चित्रावरून सांगता येत नाही, आणि असल्या मोजमापांच्या पद्धतीवर नंतर गंभीर आक्षेपही घेतले गेले आहेत. जगलिंगमुळे हुशारी वाढते असं यातून काहीही सिद्ध होत नाही. एवढंच कळतं की मोठा मेंदू दगडी नाही.

पण २००४ च्या निबंधात एक बारकावा आहे. बदल प्रामुख्यानं हात हलवणाऱ्या भागांत सापडला नव्हता. तो सापडला हलत्या वस्तू *बघणाऱ्या* भागात.

हे मी वर्षभरापूर्वी वाचलं होतं, टिपणं काढली होती, पिवळ्या रंगानं अधोरेखित केलं होतं. आणि तरीही कॉटसमोर मी माझ्या हातांकडे बघत होते. सातव्या-आठव्या दिवशी आजी (वय ७९) खुर्ची ओढून बसली, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, "हाताकडे काय बघतेस गो सारखी? हात कुठे पळून जातो काय? वर बघ."

वर बघितलं. त्या सकाळी पहिल्यांदा सहा झेल सलग गेले.

आजीला हे कसं माहीत, तर सागरगोट्यांमुळे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: सागरगोटा, काही ठिकाणी गजगा म्हणतात, ही किनारपट्टीवर वाढणारी काटेरी वेल. तिच्या काटेरी शेंगेत राखाडी, गुळगुळीत, दगडासारख्या कठीण बिया असतात. त्या पाण्यावर तरंगतात आणि समुद्रातून कुठच्या कुठे जाऊन रुजतात. उगाळून बाळगुटीत जातात. फरशीवर जोरात घासून शेजारच्याच्या दंडाला लावला की चटका बसतो, हा उपयोग शाळेतल्या मुलांनी शोधलेला. आणि बायका-मुलींचा खेळ: पाच सागरगोटे जमिनीवर पसरायचे, एक वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत त्याच हातानं जमिनीवरचा एक टिपायचा आणि वरचा झेलायचा. मग दोन दोन, तीन तीन, मग उलट्या पंजावर. या खेळात नजर हाताकडे गेली की संपलं. हात जमिनीवर आपलं आपण शोधतो, डोळे वर.

इथे मला माझं भौतिकशास्त्र थोडं आणू द्या, फार नाही. माहितीशास्त्राचा जनक क्लॉड शॅनन याला जगलिंगचं वेड होतं. बेल प्रयोगशाळेच्या बोळांतून तो एकचाकी सायकलवर बसून जगलिंग करत जायचा, आणि त्यानं जगलिंग करणारं यंत्रही बनवलं होतं. त्यानं या खेळाचं एक साधं समीकरण मांडलं. चेंडू हवेत असतो तो वेळ आणि हातात असतो तो वेळ यांची बेरीज करा, तिला हातांच्या संख्येनं गुणा. दुसरीकडे हात रिकामा असतो तो वेळ आणि भरलेला असतो तो वेळ यांची बेरीज करा, तिला चेंडूंच्या संख्येनं गुणा. दोन्ही उत्तरं सारखी येतात.

आकडे घालून बघू. गोळा साधारण ४४ सेंटिमीटर वर फेकला तर तो ०.६ सेकंद हवेत असतो. हातात तो ०.३ सेकंद राहतो असं धरू. बेरीज ०.९, गुणिले दोन हात, १.८. तीन गोळे असतील तर १.८ भागिले ३, म्हणजे ०.६. त्यातून हात भरलेला असण्याचे ०.३ वजा केले की उरतात ०.३ सेकंद. प्रत्येक हात निम्मा वेळ रिकामा! घाई करायचं कारणच नाही, घाई ही फक्त मनात असते. तेवढ्याच उंचीवर पाच गोळे ठेवायला गेलात तर रिकामा वेळ उरतो ०.०६ सेकंद. म्हणून पाचवाले उंच फेकतात: तोच ०.३ चा निवांतपणा हवा तर गोळा १.२ सेकंद हवेत हवा, आणि वेळ दुप्पट हवा तर उंची चौपट लागते, म्हणजे सुमारे पावणेदोन मीटर. एवढ्या उंचीवर हातातली चूक जराशी असली तरी खाली येताना मोठी होते. तीन आणि पाच यांच्यातली खरी भिंत ही अशी आहे. तिच्यात जन्म कुठेही येत नाही, सराव मात्र भरपूर येतो.

आणि सागरगोटे? तो खेळ म्हणजे शॅननच्या समीकरणातला हाताचा रिकामा वेळ कारणी लावणं. तेवढ्यात खालचा टिपून घ्यायचा. मी हे आजीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

ज्याला आपण जगलिंगचा इतिहास म्हणतो त्यात सागरगोटे येत नाहीत, कारण त्याचं कुणी तिकीट लावलं नाही. पण जगातलं जगलिंगचं सर्वात जुनं मानलं जाणारं चित्र, इजिप्तमध्ये बेनी हसनच्या थडग्यात, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचं, ते बायकांचं आहे. १७७३ मध्ये कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत गेओर्ग फोर्स्टर टोंगा बेटांवर उतरला, तेव्हा त्यानं एक मुलगी सफरचंदाएवढी पाच फळं न थांबता उडवताना पाहिली. तिथल्या मुली हा खेळ अजूनही बियांनी खेळतात. समुद्रकाठ, मुली आणि टणक बिया. रामो सामीच्या आधीची ही नोंद आहे, आणि तिच्यात कुणाला खजील वगैरे व्हायला झालेलं नाही. पोरींचा खेळ, एवढंच.

आता माझी चूक. हे सगळं प्रकरणात लिहिताना मी एक वाक्य टाकलं होतं: 'कोकणातल्या स्त्रिया हे कौशल्य बालपणी आत्मसात करत.' मार्गदर्शकांनी समासात विचारलं, "कशावरून?" म्हणून मी आजीला विचारलं, तू किती वर्षांची असताना शिकलीस?

"माहेरी कुठला खेळ गो," आजी म्हणाली. "मी थोरली. पाणी भरा, पोरं सांभाळा. दुसऱ्या पोरी खेळायच्या ते बघायचे, पाठीवर भाऊ घेऊन. इथे आल्यावर थोरल्या जाऊबाईंनी शिकवलं. दुपारची भांडी झाली की ओटीवर. तुझे बाबा झाले होते तेव्हा." हिशोब केला. चोविसाव्या वर्षी. महिनाभर म्हणे सगळ्या हसत होत्या.

म्हणजे हॅझलिटला दोनशे वर्षांनी नावं ठेवणारी मी, घरातल्याच बाईचा हात बघून त्याच्यासारखंच धरून चालले होते की हिला हे लहानपणापासूनच येत असणार. ते वाक्य आता प्रकरणात नाही. त्याच्या जागी एक तळटीप आहे, आणि तिच्यासाठी मी वाडीतल्या आणखी अकराजणींशी बोलले. चौघीजणी लग्नानंतर शिकल्या होत्या. अकरा हा काही आकडा नव्हे, त्यावरून कोकणाबद्दल काही म्हणता येणार नाही. पण 'कशावरून' या प्रश्नाला निदान एक प्रामाणिक सुरुवात आहे.

जूनमध्ये मी परत गेले. प्रकरण पुरं करायचं होतं, गोळे बॅगेत तळाशी गेले. गणपतीला घरी आले तेव्हा मध्ये अडीच महिने गेले होते. कॉटसमोर उभी राहिले, पहिल्या फेकीला तीन झेल, दुसरीला पाच. मे महिन्याच्या शेवटी चाळिसापर्यंत गेले होते. करडा भाग ओसरला, मी मनात म्हटलं. पण अर्ध्या तासात तीस झाले. मूळ शिकायला तीन आठवडे लागले होते, म्हणजे काहीतरी शिल्लक होतं. ते एमआरआयमध्ये दिसलं असतं की नाही, मला माहीत नाही.

आरतीच्या आधी आजी पुन्हा खुर्ची ओढून बसली होती. म्हणाली, "आण बघू ते." मी दोन गोळे दिले. तिनं तिसऱ्यासाठी हात पुढे केला. उजव्या हातानं झकास फेकला, डाव्यानं दुसरा फेकायच्या ऐवजी नुसता इकडून तिकडे दिला, सगळे नवशिके करतात तसंच, आणि तिन्ही गोळे खाली. तिनं गोळ्यांकडे पाहिलं, मग कॉटकडे.

"मला तिथे उभी कर," म्हणाली. "इथे वाकायला होत नाही."